1969 च्या जावा 250 चं इंजिन बांधायचंय, जाणता मिस्त्री सुचवा (सांगली, कोल्हापूर, पुणे)

नमस्कार मंडळी,

गाडी माझ्या काकांची. जावा 250, 1969 ची, मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली आणि नवी घेतल्यापासून त्यांच्याच नावावर असलेली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या घरात ती हँडलपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर एका गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट आणि प्लग बदलला, टाकी साफ केली आणि गाडी चालू करून दिली. इंजिन खोललंच नाही. काही महिने गाडी चालली, मग आवाज सुरू झाला.

आता किकला लगेच उठते, पण गरम झाली की खालून ठकठक येते. हेड-सिलिंडर उतरवून कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली ओढून पाहिला, तर खटका स्पष्ट हाताला लागतो. आडवा थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच, तो चालतो. उभा प्ले मात्र अजिबात नको, आणि इथे तोच आहे. पुराचं गाळमिश्रित पाणी क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत, जिथे क्रँक फिरते) बसून राहिलं, खालच्या बेअरिंगचे रोलर गंजले, आणि तसंच इंजिन चालवल्यावर ते खात गेले असणार. शिवाय गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं, पण गाडीखाली थेंबही पडत नाही आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. म्हणजे क्लचकडचं सील गेलंय, ऑइल आत ओढलं जाऊन जळतंय. रेस कमी केली तरी मध्येच आपोआप चढते, त्यावरून डायनॅमोकडचं सीलही हवा घेत असावं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. त्यात बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन धरायला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसायला, वेळ लागत नाही. म्हणून गाडी चालवणं पूर्ण बंद केलंय.

मला गाडी रंगवून, क्रोम करून चमकवून देणारा नकोय. तसे पुष्कळ भेटले. इंजिन बांधणारा हवाय, आणि त्यातही क्रँकचं काम स्वतः जाणणारा. या इंजिनाची क्रँक प्रेसवर दाबून जोडलेली असते. दोन्ही बाजू सोडवायच्या, नवी पिन, रोलर आणि रॉड घालून पुन्हा दाबायच्या, आणि मग दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का ते डायल गेजवर बघायचं. शतांश मिलिमीटरचा खेळ आहे. तिथे चूक राहिली तर बाकी सगळं नवं घातलं तरी इंजिन थरथरतं आणि नवी सीलं, बेअरिंगं पुन्हा जातात. काका साखर कारखान्यात फिटर होते. त्यांचा एकच आग्रह आहे: "पैशाचं नंतर बघू, क्रँक डायलवर लावून दाखवणारा माणूस शोध."

एका ठिकाणी क्रँककेस उघडायला छिन्नी-हातोडी पुढे आली, तेव्हा गाडी परत आणली. केसच्या जोडावर एक ओरखडा उठला तरी तिथून कायमची हवा जाते. पुलर लावून उघडणारा आणि केस गरम करून बेअरिंग बसवणारा माणूस पाहिजे. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की त्याच कारखान्याच्या नंतरच्या येझदी रोडकिंगचं तयार इंजिन बसवा, कटकट नको. ते आम्हाला मान्य नाही. आरसीवरचा इंजिन नंबर याच केसवर आहे. आणि 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए मालिकेतला नंबर मिळू शकतो. तो घ्यायचा की नाही हे नंतर ठरवू, कारण घेतला तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि काकांना ती चालवायचीय. पण इंजिन बदलून तो रस्ताच बंद करायचा नाही. सहा व्होल्टची वायरिंगही तशीच ठेवणार आहे.

सिलिंडरला पुसट रेघा आहेत, बोअर अजून स्टँडर्ड 65 मिलिमीटरच आहे, त्यामुळे पहिल्या ओव्हरसाइजमध्ये (बोअर किंचित मोठा करून एक माप मोठा पिस्टन) काम भागेल असं वाटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग-होनिंग करणारे भरपूर आहेत. माझी शंका वेगळी आहे. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला बोअर मारल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्यांच्या) कडा हाताने किंचित मोडाव्या लागतात, नाहीतर पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटते. फोर-स्ट्रोकच्या कामात हात बसलेला माणूस हे विसरू शकतो. उद्यमनगरात जावा-येझदीचे सिलिंडर नेहमी करणारं कोणी माहीत आहे का?

रॉड किटचंही (रॉड, पिन आणि रोलरचा संच) सांगा. पुण्यात नाना पेठेत मिळतं, पण ज्यांनी हल्ली घेऊन बसवलंय त्यांचा अनुभव हवा. रोलर किती टिकले? कोणाकडे जुन्या मूळ मालातलं किट पडून असेल तर योग्य किंमत देऊन घेईन.

मैसूर-बेंगळुरूकडे कारखान्यातून निवृत्त झालेले, अजून काम घेणारे कोणी असतील तर तिकडे न्यायचीही तयारी आहे. गाडी अख्खी पाठवण्याची गरज नाही, इंजिन उतरवून पेटीत बांधून नेता येईल. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला गाड्या घेऊन जमणाऱ्या मंडळींपैकी इथे कोणी असेल, तर तुमच्या गटातल्या गाड्यांची इंजिनं कोण बांधतं तेवढं विचारून सांगाल का?

नाव सुचवताना शक्य असेल तर दोन गोष्टी लिहा: त्याने बांधलेलं इंजिन त्यानंतर किती चाललं, आणि क्रँक तो स्वतः करतो की बाहेर देतो. बाहेर देत असेल तर कुठे. फोन नंबर उघड धाग्यात नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घाई नाही. चांगल्या माणसाकडे चार-सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल.