निवृत्त यादीतले अ‍ॅडमिरल रॅम्से: डन्कर्क ते नॉर्मंडी

गलबत:
ब्रिटिश नौदलातले बर्ट्रम रॅम्से यांच्या कारकिर्दीचा मेळ लागत नाही. डिसेंबर १९३५ मध्ये होम फ्लीट या ब्रिटनजवळच्या मुख्य ताफ्याचं चीफ ऑफ स्टाफपद सोडलं, मग अर्धपगारावर, १९३८ मध्ये निवृत्त. तरी डन्कर्कहून सैन्य परत आणण्याचं १९४० चं 'डायनॅमो' आणि नॉर्मंडीत सैन्य उतरवण्याचं १९४४ चं 'नेपच्यून' दोन्ही त्यांच्याच हाती. निवृत्त माणसाकडे एवढा अधिकार कसा आला? आणि डन्कर्कला त्यांनी स्वतः नेमकं काय केलं? सगळीकडे छोट्या होड्यांचंच कौतुक वाचायला मिळतं.

सुकाणू:
पहिल्या शंकेबद्दल. निवृत्त यादीत गेलं म्हणजे नौदलातून नाव पुसलं जात नसे. त्या यादीवर बढतीही मिळे. रॅम्से व्हाइस अ‍ॅडमिरल झाले ते जानेवारी १९३९ मध्ये, निवृत्त असतानाच. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांना परत बोलावून डोव्हरची कमान दिली. ही नेमणूक आंधळी नव्हती. पहिल्या महायुद्धात त्यांनी डोव्हर पेट्रोलमध्ये आधी एम-२५ ही मॉनिटर (उथळ पाण्यात चालणारी तोफांची युद्धनौका) आणि नंतर 'ब्रोक' ही विनाशिका चालवली होती, त्यामुळे ती सामुद्रधुनी, तिथल्या वाळूच्या पट्ट्या आणि भरती-ओहोटीचे प्रवाह त्यांना पाठ होते.

निवृत्त यादीत असल्याचा तोटाही झाला. उत्तर आफ्रिकेच्या 'टॉर्च' मोहिमेत अ‍ॅडमिरल कनिंगहॅम वर आले आणि रॅम्से त्यांचे डेप्युटी राहिले. सक्रिय यादीत त्यांचं नाव परत आलं ते थेट एप्रिल १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या सहा आठवडे आधी. तेव्हाच ते पूर्ण अ‍ॅडमिरल झाले.

१९३५ च्या राजीनाम्याचं कारण होम फ्लीटचे सरसेनापती बॅकहाउस यांच्याशी न जमणं. सगळा कारभार सरसेनापती स्वतःच्या मुठीत ठेवत होते. चीफ ऑफ स्टाफला कामच उरत नव्हतं.

भरतीचा_पट्टा:
डन्कर्कचं खरं कोडं वाहतुकीचं होतं. डोव्हरहून तीन मार्ग होते: झेड, वाय आणि एक्स. झेड सर्वांत जवळचा, ३९ सागरी मैल, पण त्याचा शेवटचा टप्पा कॅलेजवळच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात. म्हणून वाहतूक वाय मार्गावर वळवली: उत्तरेकडून क्विन्टे बोयाला (समुद्रातल्या तरंगत्या खुणेला) वळसा, ८७ मैल. एका फेरीचा वेळ दुपटीहून वाढला, म्हणजे तेवढ्याच जहाजांत निम्मीही माणसं नाहीत. शिवाय २९ मे च्या पहाटे त्याच बोयाच्या परिसरात 'वेकफुल' आणि 'ग्राफ्टन' या विनाशिका टॉर्पेडोने बुडाल्या. मधला एक्स मार्ग, ५५ मैल, सुरुंगांच्या पट्ट्यातून जात होता. तो साफ करून खुला केल्यावरच गणित बसलं.

दुसरा अडथळा किनाऱ्याचा. पाणी इतकं उथळ की विनाशिका बऱ्याच लांब थांबते आणि माणसं होड्यांतून आणावी लागतात. रॅम्सेंनी किनाऱ्यावर पाठवलेल्या कॅप्टन टेनंट यांनी २७ मे च्या रात्री बंदराच्या पूर्वेकडच्या बांधाला एक जहाज लावून पाहिलं. तो बांध लाटा अडवायला होता, जहाजं लावायला नव्हे. वर चार माणसं शेजारी चालतील एवढीच लाकडी वाट, आणि ओहोटीला जहाजाचा डेक इतका खाली जायचा की शिड्या-फळ्या लावूनच उतरावं लागे. तरी जमलं. २७ मे ला ७,६६९ माणसं आली होती; ३१ मे ला ६८,०१४. एकूण ३,३८,२२६ पैकी २,३९,४४६ बंदरातून निघाली, ९८,७८० किनाऱ्यावरून. छोट्या होड्यांचं काम बहुतेक त्या ९८ हजारांत, तेही वाळूपासून मोठ्या जहाजापर्यंत. ते कमी लेखत नाही, पण बांधाशिवाय आकडा इथवर पोचलाच नसता.

२९ ला नुकसान पाहून अ‍ॅडमिरल्टीने आधुनिक विनाशिका काढून घेतल्या. रॅम्सेंनी भांडून दुसऱ्याच दिवशी त्यातल्या काही परत मिळवल्या. १ जूनला दिवसाउजेडी 'कीथ', 'बॅसिलिस्क', 'हॅव्हंट' गेल्या, तेव्हा मात्र त्यांनीच दिवसाच्या फेऱ्या बंद करून काम रात्रीवर नेलं.

गलबत:
आभार. पण मग विरोधाभास नाही का? बॅकहाउस सगळं मुठीत ठेवतात म्हणून हे बाहेर पडले, आणि नॉर्मंडीला अमेरिकन टास्क फोर्सचे रिअर अ‍ॅडमिरल कर्क यांची हीच तक्रार रॅम्सेंबद्दल होती: हुकूम फारच बारीकसारीक.

सुकाणू:
तक्रार खरी होती, अमेरिकन पद्धतीत वरून उद्दिष्ट मिळतं आणि तपशील खालचे ठरवतात. पण इथे मोकळीक देणार कुठे? पाच फोर्स (ताफे), प्रत्येकाला सुरुंग काढलेल्या दोन वाटा, एक वेगवान ताफ्यासाठी आणि एक संथ. म्हणजे एकूण दहा, आणि सगळ्यांची सुरुवात आइल ऑफ वाइटच्या आग्नेयेला एकाच वर्तुळातून. रात्री सुरुंग काढताना मध्येच भरतीचा प्रवाह फिरतो, त्याबरोबर ओढायची साधनंही बदलावी लागतात. एका गटाला तासभर उशीर झाला तर मागचे शेकडो लँडिंग क्राफ्ट अंधारात एकमेकांवर येणार.

उतरण्याची वेळसुद्धा एक नव्हती. अडथळे उघडे दिसावेत म्हणून ओहोटीनंतर चढत्या पाण्यात उतरायचं होतं, आणि भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. म्हणून उतरण्याच्या पाच किनाऱ्यांपैकी यूटा-ओमाहाला ६.३०, गोल्ड-सोर्डला ७.२५, खडकांमुळे जूनोला आणखी उशिरा. असं वेळापत्रक पाच जणांनी पाच ठिकाणी बसवता येत नाही. डन्कर्कला टेनंटना मोकळीक दिली कारण तिथली परिस्थिती डोव्हरहून दिसतच नव्हती. माझ्या मते हा विरोधाभास नाही, कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं याची जाण आहे. कर्कना ते पटलं नाही, एवढं खरं.

भरतीचा_पट्टा:
रॅम्सेंचं न ऐकल्याचं उदाहरणही घ्या. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराच्या गोद्या ४ सप्टेंबर १९४४ ला जवळपास धड हाती आल्या. आदल्याच दिवशी रॅम्सेंनी आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाला कळवलं होतं की शत्रू हे बंदर सुरुंग पेरून सहज बंद पाडू शकतो. गोद्या आतल्या बाजूला, आणि शेल्ट नदीच्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडे. ते घेतल्याशिवाय एक जहाज आत येणार नव्हतं. सैन्याचं लक्ष नेदरलँड्समधल्या आर्नहेमकडे. नदीच्या मुखाशी असलेल्या वाल्खेरन बेटावर समुद्रातून उतरणं १ नोव्हेंबरला झालं, मग नदीतले सुरुंग काढायला आणखी काही आठवडे. पहिला ताफा पोचला २८ नोव्हेंबरला. ८५ दिवस अखंड बंदर ताब्यात, आणि रसद मात्र बरीचशी ट्रकांनी नॉर्मंडीहून.

गलबत:
म्हणजे वाल्खेरनची आखणीही त्यांच्याच कार्यालयाची?

भरतीचा_पट्टा:
वरचा नौदल कमांडर म्हणून जबाबदारी त्यांची. प्रत्यक्ष ताफा कॅप्टन पग्स्ली यांच्याकडे होता. पुढचं वर्ष रॅम्सेंनी पाहिलं ते जेमतेम दोन दिवस. २ जानेवारी १९४५ ला माँटगोमरींच्या भेटीसाठी ब्रसेल्सला निघालेलं त्यांचं विमान तूसु-ल-नोबल इथे उड्डाण करतानाच कोसळलं.