फ्लिश आणि टर्बिडाइट : एकच की वेगळे?

प्रश्न : लडाखमधल्या लामायुरूच्या खडकांबद्दल 'फ्लिश' आणि 'टर्बिडाइट' हे दोन्ही शब्द आलटून पालटून दिसतात. एकाच खडकाची ही दोन नावं आहेत का?

प्रतिसाद : नाही. टर्बिडाइट म्हणजे खडक कसा साचला ते. समुद्रतळाच्या उतारावरून गढूळ प्रवाह घसरतो, वेग मंदावला की आधी भरड वाळू, मग बारीक, शेवटी चिखल बसतो. भूवैज्ञानिक बाउमा यांनी १९६२ मध्ये यातले पाच टप्पे मांडले. एकाच थरात पाचही क्वचित मिळतात. फ्लिश हा स्विस भूवैज्ञानिक श्टुडर यांनी १८२७ मध्ये आल्प्समधून घेतलेला शब्द. डोंगर घडत असताना त्याच्या पुढ्यातल्या खोल समुद्रात साचलेली थरांची जाड रास म्हणजे फ्लिश. टर्बिडाइट सरोवरातही होतात, म्हणून ते दिसले की लगेच फ्लिश म्हणू नये.

प्रतिसाद : लामायुरूला फ्लिश म्हणणं तर सैलच आहे. त्यातला बराचसा गाळ भारत आणि आशिया यांची टक्कर होण्याआधी, ट्रायासिक काळापासून (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा काळ), भारतीय भूपट्टाच्या शांत उतारावर साचलेला आहे. टकरीचा पुरावा हवा असेल तर वाळूचे कण पाहा. भारतीय बाजूच्या वालुकाश्मात ओफिओलाइटमधून (जमिनीवर ढकलल्या गेलेल्या समुद्रतळाच्या तुकड्यातून) आलेलं क्रोम-स्पिनेल हे खनिज किंवा आशियाई बाजूचे झिरकॉन या खनिजाचे कण दिसू लागले, की मधला समुद्र मिटत आल्याचं कळतं.

प्रश्न : आणि रेडिओलेरियन चर्ट?

प्रतिसाद : हा चर्ट म्हणजे रेडिओलेरिया या सूक्ष्म सागरी जीवांच्या सिलिकाच्या सांगाड्यांचा कठीण खडक. तो टक्कर सिद्ध करत नाही, समुद्र होता एवढंच सांगतो. उशीसारख्या लाव्हाच्या वर तो बसलेला असेल, तर ते समुद्रतळाचंच कवच. त्यातले सर्वांत तरुण रेडिओलेरिया सांगतात, की निदान तोवर समुद्र उघडा होता. ते बाहेर काढायला सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, तेही प्लास्टिकच्या भांड्यात, कारण काच विरघळते. खडक फार वेळ ठेवला तर सांगाडेही जातात, तेही सिलिकाचेच. हे काम विषारी वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात (फ्यूम हूड), प्रशिक्षित माणसाच्या हाताखालीच करावं.

प्रतिसाद : थरांची जाडी मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वळ्यांच्या (दाबाने थरांना घड्या पडलेल्या) प्रदेशात थर उलटलेले असतात. भरड बाजू वर आली असेल तर थर पालथा आहे. हे न तपासता चाललात तर वळीच्या दोन्ही बाजूंचे तेच थर दोनदा मोजले जातात आणि राशीची जाडी दुप्पट निघते. थराच्या तळाशी प्रवाहाने कोरलेले ठसेही पाहा, त्यावरून प्रवाहाची दिशाही मिळते.