मदत हवी आहे: पिंक फ्लॉइडच्या 'एकोज'नंतर काय ऐकू?

मंडळी, सायकेडेलिक रॉकवाले (नशेतल्या भासांसारखं वाटणारं ते रॉक) कोणी आहेत का इथे? परवा रात्री लाईट बंद करून हेडफोन लावून 'एकोज' ऐकलं, १९७१ च्या 'मेडल' अल्बमची अख्खी दुसरी बाजू, जवळजवळ साडेतेवीस मिनिटं, आणि सुरुवातीचा तो 'टिंग' आवाज अजून डोक्यातून जात नाहीये. नंतर वाचलं की तो साधा पियानोचा सूर आहे, पण लेस्ली स्पीकरमधून काढलेला, म्हणजे आत भोंगा गोल फिरत असतो त्यामुळे सूर पाण्याखालून आल्यासारखा हलतो. कमाल आहे!

आमच्या घरात लहानपणापासून विलंबित ख्याल, त्यामुळे मला घाई नसलेलं संगीत आवडतं, सूर हळूहळू उलगडत जातो ते, आणि मला वाटतं या बँडांची ओढ तिथेच आहे, नशेपाण्याच्या गोष्टी लोक उगाच जास्त सांगतात. बीटल्सचं १९६६ चं 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐकलंय, त्यात तर चक्क तंबोरा आहे, सगळं गाणं जवळपास एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट). ग्रेटफुल डेड बँडचं 'डार्क स्टार', 'लाईव्ह/डेड' अल्बमवरचं, दोनदा लावलं पण मध्येच हरवले, गिटार कुठे चाललीय तेच कळेना. ते ऐकायचं कसं, नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

आणि सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट असतानाचं १९६७ चं फ्लॉइड आधी ऐकू की टेक्सासचे थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स? त्यांच्यात म्हणे एकजण जग (पाणी ठेवतात तसला) वाजवायचा, इलेक्ट्रिक जग! नुसती नावं नकोत, कोणतं गाणं आणि का ते प्लीज सांगा.