मदत हवी आहे: एम-१ कार्बाईन, पण सुटे भाग चार कंपन्यांचे

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो. शेजारच्या आजींना त्यांच्या दिवंगत यजमानांची दुसऱ्या महायुद्धातली एम-१ कार्बाईन (अमेरिकन सैन्याची हलकी, आखूड रायफल) विकायची आहे आणि पहिली विचारणा मला केली आहे. गैरफायदा घ्यायचा नाही, पण भावनेच्या भरात जास्त पैसेही मोजायचे नाहीत.

रिसीव्हर (बंदुकीचा मुख्य सांगाडा) क्वालिटी हार्डवेअर कंपनीचा. बॅरलवर (नळीवर) अंडरवूड, ११-४३ (म्हणजे नोव्हेंबर १९४३) असा छाप. ट्रिगर हाऊसिंग (चापाची चौकट) इनलँडचं, स्लाइड (बोल्ट मागेपुढे करणारा भाग) विंचेस्टरची. (टाइपरायटरवाले अंडरवूड आणि ज्यूकबॉक्सवाले रॉक-ओला बंदुका करत होते, याची मला अजून गंमत वाटते.)

क्वालिटी स्वतः बॅरल बनवतच नव्हती, बाहेरून घ्यायची. म्हणजे अंडरवूडचं बॅरल मूळचंच असू शकतं ना? बाकीचं मात्र नंतर बदललेलं दिसतंय. क्वालिटीचं काम १९४४ मध्येच थांबलं, आणि हिच्यावर संगीन लावायचा बँड (बॅरलभोवतीचं कडं) आहे, जो युद्धाच्या अगदी शेवटी आला. नेम धरायची मागची साइटही नंतरची, सरकवता येणारी; सेफ्टी (चाप अडवणारी कळ) बटणाची नाही तर फिरवायची. दस्त्यावर पुसट शिक्का आहे, अक्षरं लागत नाहीत. बॅरलवर आयातीचा छाप (बंदूक परदेशातून परत आणल्याची खूण) कुठेच नाही.

माझ्या मते ही लष्करी कारखान्यात दुरुस्त होऊन आलेली आहे, कुणी घरी जुळवलेली नाही. हे पक्कं करायला आणखी काय तपासू? एक ओळखीचे गृहस्थ सांगतात, क्वालिटीचे भाग शोधून बसव, किंमत वाढेल. मला ते पटत नाही. तुम्ही काय कराल?