बाकीचं स्वादुपिंडही आक्रसतं

टाइप १ मधुमेहात 'फक्त बीटा पेशी (इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी) नष्ट होतात, त्याही सगळ्या, आणि उरलेलं स्वादुपिंड ठणठणीत असतं' असं म्हटलं जातं. पहिला भाग बराचसा बरोबर, दुसरा पटत नाही. इन्शुलिन बनवणारी बेटं (बीटा पेशी असलेले पेशींचे छोटे पुंजके) स्वादुपिंडाच्या जेमतेम १ ते २ टक्के असतात. ती सगळी गेली तरी आकारात फारसा फरक पडायला नको. पण टाइप १ झालेल्यांच्या एमआरआयमध्ये स्वादुपिंड स्पष्टपणे लहान दिसतं, अगदी निदान नुकतंच झालेलं असतानासुद्धा. म्हणजे पाचक रस बनवणारा मोठा भागच आक्रसलेला असतो. एक कारण असं सांगतात, की त्या पेशींना शेजारच्या बेटांमधून थेट, दाट इन्शुलिन मिळत असतं आणि त्यावर त्यांची वाढ अवलंबून असते. टोचून घेतलेलं इन्शुलिन तिथे तेवढ्या प्रमाणात पोचत नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण मधुमेह नसलेल्या जवळच्या नातेवाइकांतही स्वादुपिंड सरासरीने थोडं लहान आढळलंय. मला तर हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि 'सगळ्या' बीटा पेशी जातात हेही खरं नाही. अमेरिकेतल्या जोस्लिन मधुमेह केंद्राने ५० वर्षांहून अधिक काळ टाइप १ असलेल्यांचा अभ्यास केला, त्यांतल्या अनेकांच्या रक्तात सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा अंश) सापडलं. थोडं का होईना, इन्शुलिन अजून बनत होतं!