'हेड कोच', 'ग्रॅज्युएट असिस्टंट', 'कोऑर्डिनेटर': मराठीत काय म्हणायचं?

अटलांटाची आई:
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय आणि खरंच गरज म्हणून हवाय. माझा धाकटा इथे जॉर्जियात कॉलेजला आहे, त्याला फुटबॉलचा कोच व्हायचंय. फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळतात तो. स्वतः खेळत नाही, टीमच्या व्हिडिओ रूममध्ये काम करतो. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी मॅच आहे त्यांच्या जुन्या मॅचेसच्या क्लिपा कापायच्या, कितव्या प्रयत्नाला (इथे 'डाउन' म्हणतात) किती यार्ड हवे असताना त्यांनी काय केलं ते एकेक लिहून काढायचं, रात्री दीड-दोनला घरी येतो तेव्हा डोळे लाल झालेले असतात आणि पैसे जवळपास नाहीतच. पदवी झाली की कुठेतरी ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून चिकटायचं म्हणतो. रविवारी साताऱ्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला तर त्या म्हणाल्या, "तो नक्की करतो काय गं? पीटीच्या मास्तरासारखं का?" मी म्हटलं प्रशिक्षक होणारे. तर म्हणाल्या, "मग आत्ता शिकतोय का शिकवतोय?" आता तो दोन्ही करतो, आणि हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. ह्या सगळ्या वाटेला, म्हणजे खालपासून हेड कोच होईपर्यंत, आपल्याकडे काय काय शब्द आहेत?

बोरूबहाद्दर:
हेड कोच = मुख्य प्रशिक्षक. पेपरात हाच रूढ आहे, क्रिकेटला तर सर्रास वापरतात.

पण 'कोच' शब्द मुळात बघा. हंगेरीत कोच नावाचं गाव, तिथल्या घोडागाड्या प्रसिद्ध, त्यावरून गाडीला कोच, म्हणून आपण रेल्वेच्या डब्यालाही कोच म्हणतो. पुढे १८३० च्या सुमारास इंग्लंडातली कॉलेजची पोरं परीक्षा पार करून देणाऱ्या शिकवणीच्या मास्तरला गमतीने कोच म्हणायला लागली, आणि तिथून तो खेळात गेला. म्हणजे आपल्या कोचिंग क्लासवाल्यांनी शब्द मूळ अर्थानेच वापरलाय.

तालीमकर:
मुख्य प्रशिक्षक बातमीत ठीक आहे, पण त्या शब्दाने कुणाला हाक मारता येते का सांगा. "अहो प्रशिक्षक, इकडे या" असं कोण म्हणतं? अमेरिकेत खेळाडू तोंडावर "येस, कोच" म्हणतात, ते पदही आहे आणि हाकही. तसा मराठीत एकच शब्द आहे, वस्ताद. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत जाऊन बघा, लाल मातीच्या कडेला वस्ताद उभा असतो, तोंडाने फक्त "पट काढ, पट" एवढंच म्हणतो आणि पोरगं "जी वस्ताद" म्हणून परत भिडतं. फारसीतला उस्ताद आपल्याकडे येऊन वस्ताद झाला. आणि फुटबॉलला तालमीचा शब्द कशाला असं कुणी म्हणू नका, कोल्हापुरात फुटबॉल तालमीच खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, सगळ्या पेठांच्या टीमा आहेत आणि शाहू स्टेडियम भरतं. फक्त आमचा फुटबॉल पायाने खेळायचा.

शब्दवेडी:
तालीमदादा, हाकेचा मुद्दा फार आवडला. पण एक अडचण, बोलण्यात 'वस्ताद माणूस आहे' म्हटलं की चलाख, पोचलेला असा अर्थ होतो. आजींना ते पटेल का?

ओहायोकर:
मी इथे बरीच वर्षं हा खेळ बघतोय, आधी वाट कशी असते ते सांगतो मग शब्द लावा. ताई, तुमच्या मुलाला निक सेबनबद्दल विचारा, इथल्या कॉलेज फुटबॉलचा गाजलेला कोच, तो तासभर बोलेल.

सेबन वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींच्या भागातला. वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि ते पोरांची फुटबॉल टीमही चालवायचे. पंपावर गाड्या धुवायचं काम ह्याच्याकडे, आणि गाडीवर पुसल्याचा एक ओघळ जरी राहिला तरी वडील पूर्ण गाडी परत धुवायला लावायचे. पुढे केंट स्टेट कॉलेजला हेड कोच डॉन जेम्सच्या हाताखाली खेळला. कोच व्हायचं डोक्यातही नव्हतं, पण बायकोचं शिक्षण एक वर्ष बाकी होतं आणि जेम्सने ग्रॅज्युएट असिस्टंट होतोस का विचारलं, म्हणून १९७३ मध्ये राहिला. मग बघा, एकेक कॉलेज, सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, तिथे बचावाची सगळी जबाबदारी, मग ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघात, बहुतेक ठिकाणी एक-दोन वर्षांनी बाडबिस्तरा उचलायचा. टोलेडोत पहिल्यांदा हेड कोच झाला ते १९९० ला. म्हणजे १७ वर्षं! आणि तिथेही एकच हंगाम, ९ मॅच जिंकल्या २ हरल्या, मग ते सोडून क्लीव्हलँड ब्राउन्स ह्या व्यावसायिक संघात हेड कोच बिल बेलिचिकच्या हाताखाली परत दुय्यम जागेवर. हेड कोच झालेला माणूस आपणहून खाली उतरून शिकायला जातो ही गोष्ट मला फार मोठी वाटते. नंतर हेड कोच म्हणून मिशिगन स्टेट, मग एलएसयू (लुइझियाना स्टेट), तिथे २००३ च्या हंगामात पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, मग मायामीत दोन वर्षं व्यावसायिक संघ आणि ते काही जमलं नाही, आणि २००७ पासून अलाबामा, तिथे सहा विजेतेपदं.

आणि ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे काय तर एमए-एमएस्सीला नाव घातलेलं, फी माफ, हातात थोडासा स्टायपेंड, आणि बदल्यात कोच सांगेल ते सगळं करायचं.

शब्दवेडी:
अहो ओहायोकर, हे जे तुम्ही शेवटी लिहिलंत ना, ह्याला मराठीत अगदी घरातला शब्द आहे, उमेदवारी! आता उमेदवार म्हटलं की निवडणूकच डोळ्यासमोर येते, पण आपल्या आजोबांच्या पिढीत 'उमेदवारी करणे' म्हणजे वकिलाकडे, छापखान्यात, कचेरीत, पुढे जागा मिळेल ह्या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पैशावर राबणं. फारसी उमेद, म्हणजे आशा, ती ज्याच्याकडे आहे तो उमेदवार. सरकारी भाषेत अजून जिवंत आहे, आयटीआय करून कारखान्यात शिकायला लागलेल्या पोरांना शिकाऊ उमेदवार म्हणतात. आणि शिकतोय का शिकवतोय ह्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आलं, उमेदवार शिकत असतो आणि कामही करत असतो. प्रशिक्षणार्थी म्हटलं की नुसतं वर्गात बसलेला वाटतो.

बोरूबहाद्दर:
मान्य. उमेदवारीपुढे माझं काही म्हणणं नाही. कोऑर्डिनेटरला समन्वयक?

ओहायोकर:
नको हो, समन्वयक अजिबात नको. समन्वयक म्हटलं की संमेलनात पाहुण्यांच्या गाड्या ठरवणारा माणूस. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर हेडसेट लावून प्रत्येक वेळी कुठली चाल खेळायची ते ठरवतो, डिफेन्सिव्हवाला त्याला तोड काढतो. आक्रमणप्रमुख आणि बचावप्रमुख म्हणा. आणि हीच ती पायरी जिथून बहुतेक हेड कोच उचलले जातात. कर्बी स्मार्ट सेबनकडे अलाबामाला वर्षानुवर्षं बचावप्रमुख होता, २०१६ पासून जॉर्जियाचा हेड कोच, २०२१ आणि २०२२ लागोपाठ विजेता.

तालीमकर:
चालीला खरं तर 'डाव' म्हणावं वाटतं, कुस्तीत डाव टाकतात, पण क्रिकेटने डाव म्हणजे इनिंग करून ठेवलंय, गोंधळ होईल. चालच बरी. आणि हा स्मार्ट म्हणजे सेबनचा पठ्ठा. तालमीत असंच विचारतात, कुणाचा पठ्ठा? नाव सांगितलं की पुढचं सगळं कळतं.

अटलांटाची आई:
अय्या, आमच्याकडे स्मार्टचं नाव रोज ऐकू येतं! कोण कुणाच्या हाताखाली तयार झाला ह्याला मुलगा 'कोचिंग ट्री' म्हणतो, भिंतीवर कागद लावून झाड काढलंय त्याने.

शब्दवेडी:
घराणं? गाण्यासारखं?

ओहायोकर:
घराण्यात एक गायकी असावी लागते. इथे सेबनच्या हाताखालून गेलेल्यांत लेन किफिन, स्टीव्ह सारकिशियनसारखे आक्रमणवालेही आहेत, आणि फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. सेबन १९८२ ला नेव्हीत होता तेव्हा तिथे बेलिचिकचे वडील कोच होते, आणि नंतर हा त्यांच्या मुलाच्या हाताखाली. शिष्यपरंपरा म्हणा, ते जास्त बसतं.

आणि एक कोच हलला की एकामागून एक सगळ्यांच्या जागा बदलतात, त्या 'कोचिंग कॅरोसेल'ला माझ्याकडे तयार शब्द आहे, खांदेपालट. पालखीचे भोई खांदा बदलतात तसं. १० जानेवारी २०२४ ला सेबन निवृत्त झाला. आठवड्याभरात वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा हेड कोच केलेन डिबोअर अलाबामाला, त्याच्या जागी ॲरिझोनाचा जेड फिश, त्याच्या जागी सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन. एक माणूस घरी बसला आणि पार दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत खांदे बदलले. ह्यातला डिबोअर मुद्दाम लक्षात ठेवा ताई, तो सू फॉल्स नावाच्या छोट्या कॉलेजात पाच वर्षं हेड कोच होता, ६७ जिंकल्या आणि फक्त ३ हरल्या, तरी मोठ्या कॉलेजांकडे जाताना त्याला परत कुणाच्यातरी हाताखाली आक्रमणप्रमुख म्हणून काम करावं लागलं.

बोरूबहाद्दर:
आणि काढून टाकलं तर जे पैसे देतात, बायआउट? २०२३ ला टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीने हेड कोच जिंबो फिशरला काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यावे लागले होते. नुकसानभरपाई म्हणायला जीभ वळत नाही.

शब्दवेडी:
फारकत? जुन्या कागदांत फारखत म्हणजे देणंघेणं मिटलं, संबंध संपला असं लिहून दिलेला कागद. फारकतीची रक्कम.

तालीमकर:
गावाकडं फारकत म्हणजे नवराबायकोची. पण वाईट नाही, विचार करू.

अटलांटाची आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल कॉल झाला. मी म्हटलं, आई, तो उमेदवारी करतोय. त्या लगेच म्हणाल्या, "मग तसं सांग ना! ह्यांनी नाही का केली होती वकिलाकडे, दोन वर्षं, दप्तर घेऊन कोर्टात मागे मागे जायचे, दिवाळीला एक धोतरजोडी मिळायची." मग मुलाला कॅमेऱ्यासमोर बोलावलं आणि विचारलं, किती वर्षं असते रे तुमच्यात उमेदवारी. त्याने सेबनची सतरा वर्षं सांगितली. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बरं. पण जेवून झोपत जा."

मुलाने भिंतीवरच्या झाडाच्या वर देवनागरीत 'शिष्यपरंपरा' लिहिलंय, ष्य मी काढून दिला. फारकतीचं कुणाला अजून सुचलं तर लिहा, मी येऊन बघते.