मदत हवी आहे : प्रथिन सिनॅप्सजवळच तयार झाले, हे प्युरोमायसिनने ठरवता येते का?

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. करत असून विभागातील सेमिनारसाठी चेतापेशींमधील स्थानिक प्रथिननिर्मिती हा विषय घेतला आहे, म्हणजे प्रथिन पेशीकायात (पेशीच्या मुख्य भागात) न बनता दूर सिनॅप्सजवळ, दोन चेतापेशींच्या जोडापाशीच, बनणे. १९८२ मध्ये स्ट्युअर्ड आणि लेव्ही यांना डेंड्राइटवरील (चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या शाखेवरील) काट्यांच्या, म्हणजे सिनॅप्स असलेल्या बारीक उंचवट्यांच्या, बुडाशी पॉलिरायबोसोम (प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचे समूह) आढळले. पुढे १९९६ मध्ये कांग आणि शूमन यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाच्या कापांमध्ये छेद देऊन सिनॅप्सचा पेशीकायांशी असलेला संबंध तोडला. तरीही बीडीएनएफ हे चेतापेशींच्या वाढीला मदत करणारे प्रथिन दिल्यावर सिनॅप्स बळकट झाले, मात्र प्रथिननिर्मिती रोखल्यावर तो परिणाम दिसला नाही. हा युक्तिवाद मला पूर्ण पटतो, कारण वाटच तोडल्यावर पेशीकायातून प्रथिन येण्याचा प्रश्न उरत नाही.

माझे घोडे अडले आहे ते प्युरोमायसिनपाशी. हे प्रतिजैविक अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या टी-आरएनएच्या टोकासारखे असल्याने रायबोसोम ते वाढत्या साखळीला जोडतो, साखळी अपुरी राहते आणि चमकणाऱ्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने ती पाहता येते. डेंड्राइटमध्ये चमक दिसली की निर्मिती तिथेच झाली, असे मानले जाते. परंतु ही जोडणी होताच साखळी रायबोसोमपासून सुटते. अशा लहान पेप्टाइडचा विसरणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर धरला, तर एका दिशेने एका मिनिटात ते सरासरी ३५ मायक्रोमीटर सरकू शकते. काटा जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचा असतो आणि प्युरोमायसिन तर सहसा काही मिनिटे ठेवतात! एमेटिन हे रायबोसोमला थांबवणारे औषध आधी दिल्यास साखळी रायबोसोमवरच अडकून राहते, असे पूर्वी गृहीत धरले जाई. पण तरीही ती सुटते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे.

मग ही चमक 'डेंड्राइटमध्ये कुठेतरी निर्मिती झाली' एवढेच सांगते, की 'या सिनॅप्सपाशी झाली' असेही म्हणता येते? मायक्रोफ्लुइडिक (बारीक खाचांनी जोडलेल्या) कक्षांत डेंड्राइट वेगळे वाढवून फक्त त्याच बाजूला प्युरोमायसिन दिल्यास पहिल्या विधानाला आधार मिळेल, असे मला वाटते; दुसऱ्यासाठी सनटॅगसारख्या (बनत असलेल्या प्रथिनालाच चमकणारी खूण लावणाऱ्या) पद्धतीने जिवंत पेशीत एकेका एम-आरएनएवरील (प्रथिनाचा आराखडा वाहणाऱ्या रेणूवरील) निर्मिती पाहण्यावाचून पर्याय आहे का? मार्गदर्शक मॅडमच्या मते हा भाग सेमिनारमधून वगळावा, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पुण्यातील आयसर किंवा एनसीसीएस या संशोधन संस्थांमध्ये अशा पेशींवर प्रत्यक्ष काम करणारे कोणी येथे असल्यास कृपया लिहावे. पाषाणला किंवा गणेशखिंडीत येऊन भेटण्याचीही माझी तयारी आहे.